पानवेलीला लागलेली द्राक्षं

लोणावळ्याला लोक हवा खायला जातात, धबधब्याखाली भिजतात आणि येताना चिक्कीचे खोके आणतात. मी आणि माझी कात्रीन आत्या गेलो ते एक लाकडी वेदी बघायला. आत्या पप्पांची थोरली बहीण, ऐंशी कधीच ओलांडलेली. तिला काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलंय, फक्त नाकासमोरचं तेवढं दिसतं, तेही किती दिवस दिसेल ते डॉक्टर सांगत नाहीत. नाताळ झाला आणि तिने जाहीर केलं, “मला एकदा बाची वेदी बघायची आहे. दिसतंय तोवर.” तिला दुसरं काही नको होतं.

‘बा’ म्हणजे माझे आजोबा. वसईतले सुतार. आमच्या भागातल्या कितीतरी देवळांत त्यांच्या हातचे बाक, दारं, फादर लोकांचं पापनिवेदन ऐकायला बसतात त्या खुर्च्या आहेत. आमचे जुने लोक चर्चला देऊळच म्हणतात, तेव्हा मीही तसंच लिहिणार. तर लोणावळ्याच्या देवळाला नवी वेदी हवी होती आणि तिथल्या परदेशी फादरांनी आजोबांना बोलावून घेतलं. वेदीवर गव्हाच्या लोंब्या आणि द्राक्षवेल कोरायची, असं फादरांचं सांगणं. आजोबांनी द्राक्षांचे घड मुंबईच्या बाजारात पाहिले होते, वेल मात्र जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्या परसात होती ती पानवेल, विड्याच्या पानांची. त्यांनी विचार केला असणार, वेल ती वेल. आणि त्यांनी सागवानात अशी वेल कोरली, की पानं विड्याची आणि लोंबताहेत द्राक्षांचे घड! वेदी उभी राहिल्यावर फादरांच्या हे लक्षात आलं, तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले म्हणे, आणि म्हणाले, राहू द्या. ही गोष्ट पप्पा आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात सांगतात. गेल्या वर्षापासून ते अंथरुणावर आहेत, तरी अजून सांगतात.

काम चाललेलं असताना आजोबा एका रेल्वे फिटरच्या घरी राहत होते. वेदी संपता संपता त्याच्या मुलाशी त्यांनी आपल्या मुलीचं ठरवूनही टाकलं. आत्याचं लग्न त्याच वेदीसमोर लागलं. पुढे नवऱ्याची भुसावळला बदली झाली, ती विधवा होऊन वसईला परत आली, पण लोणावळ्याला पुन्हा जाणं काही घडलं नाही.

लोणावळा

शनिवार-रविवारची झुंबड नको म्हणून आम्ही मंगळवारी गेलो. स्टेशनातून बाहेर पडून रिक्षाची वाट बघत होतो, तेवढ्यात एका माकडाने माझ्या हातातली पिशवी ओढून नेली. तिच्यात मी घरून आणलेले फुगे होते. आमच्याकडे लग्नाकार्याला ताडी घालून तळतात ते गोड फुगे. माकड छपरावर बसून ते आमच्यासमोर एकेक करत खात होतं. आत्याला ते दिसत नव्हतं, म्हणून मी वर्णन करून सांगत होते. ती म्हणाली, “खाऊ दे. लोणावळ्यात आपल्याला ओळखणारं तेवढं एकच उरलंय.”

देऊळ मी प्रथमच पाहत होते. आमच्या वसईच्या देवळांची सवय असलेल्या माणसाला ते देऊळ वाटतच नाही. आमची देवळं पांढरीशुभ्र, उंच दर्शनी भिंतीची, दोन-दोन मनोऱ्यांची, लांबून छाती काढून उभी असलेली. हे काळ्या पाषाणाचं, बुटकं, उतरत्या कौलांचं. स्टेशनमास्तरच्या बंगल्यावर क्रूस बसवावा तसं. आणि ते साहजिकच आहे, कारण बांधलं ते रेल्वेनेच वसवलेल्या माणसांसाठी. घाटात गाड्या चढवणारे ड्रायव्हर, फिटर, गार्ड. त्यातले गोव्याचे, मंगळूरचे, तमिळ, अँग्लो-इंडियन आणि मागाहून नगरकडून आलेले मराठी. आत्या सांगते, तिच्या सासऱ्याच्या वेळच्या लोकांच्या आठवणीत पहिली मिस्सा, म्हणजे उपासना, मालधक्क्यावर झाली होती आणि घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगून बडवत. देवळातही रूळ आहेत. गायनमंडळाचा माळा जुन्या रुळांवर पेललेला आहे, नीट पाहिलं तर रंगाखालून रुळाचा आकार दिसतो. पश्चिमेकडची भिंत बाकीच्या भिंतींपेक्षा पुष्कळ जाड, कारण इथला पाऊस त्या बाजूने मारतो. खिडक्या उंचावर आणि अरुंद. दाराबाहेर खोल पडवी, छत्र्या आणि घोंगड्या निथळायला. ज्याने कुणी हे बांधलं त्याला इथला पाऊस ठाऊक होता आणि दिखाव्याची हौस नव्हती. मला ते देऊळ आवडलं, आमच्या देवळांपेक्षाही थोडं जास्तच, आणि वसईकरीण असून हे लिहिते आहे.

हे झालं बाहेरचं. आत गेले आणि माझं डोकं फिरलं. छपराच्या सागवानी कैच्या दिसू नयेत म्हणून खाली पांढरं खोटं छत ठोकलेलं. त्यात निळे दिवे. दगडी भिंतींना माणसाच्या उंचीइतक्या चकचकीत फरश्या, थेट आमच्या तालुक्याच्या इस्पितळासारख्या. नाताळचा गोठा अजून तसाच होता, थर्मोकोलचा, वर कापसाचं बर्फ. लोणावळ्यात बर्फ! आणि समोर, जिथे आजोबांची वेदी असायला हवी होती तिथे, संगमरवराची पांढरी वेदी. मागे कोऱ्या भिंतीवर सोनेरी रंगाचे प्लास्टिकचे किरण.

आत्याने दारातल्या पवित्र पाण्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण केली आणि माझा हात सोडून सरळ मधल्या वाटेने पुढे गेली. वाट तिला पाठ होती. पायरीशी थांबली. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग वर. पुन्हा डावीकडे. ती शोधत होती. तिला वाटत होतं, आपल्या नजरेच्या पट्ट्यात वेदी सापडत नाही, एवढंच.

“बाय, मला दिसत नाही गं,” ती म्हणाली. “माझे डोळे एवढे गेले का? जरा माझं तोंड नीट तिकडे कर.”

क्षणभर मनात आलं, म्हणावं हो, डोळेच गेले. तेवढ्यात पाठीमागे झाडूचा आवाज थांबला. देऊळ झाडणारी बाई होती, जवळच्या कुरवंडे गावची हौसाबाई. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिनेच आम्हाला दार उघडून दिलं होतं.

“त्ये लाकडाचं बगताय व्हय मावशी?” ती म्हणाली. “त्ये न्हाई आता हितं. टेम्पोत घालून न्हेलं की.”

“कुठं नेलं?” मी विचारलं.

“त्ये पवनानगरला. धरणाच्या कडंला तंबू हायती न्हवं, तितं. आमच्या गावची पोरं तितं कामाला जात्यात, त्यांनी वळखलं. मला येऊन म्हनली, मामी, तुमच्या चर्चातला देव्हारा आमच्या हितं आलाय.”

आत्या पहिल्या बाकावर बसली. जुने लाकडी बाकही गेलेत, हे गाद्या लावलेले नवे आहेत. मग हौसाबाईला म्हणाली, “तुला चांगली आठवते का गं ती?”

“न आठवून कसं? रोज पुसायची मी. त्या पानांत लय धूळ बसायची बगा.”

संध्याकाळी फादर भेटले. कुठल्याशा शाळेच्या कार्यक्रमाहून ते नुकतेच आले होते. तरुण, नम्र, हल्लीच बदलून आलेले. त्यांनी चहा दिला, नाताळचा उरलेला केक दिला. आत्या ते खोलीत आल्याबरोबर उठून उभी राहिली आणि त्यांनी तीनदा सांगितल्यावर बसली. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं हे असं आहे. फादर नातवाच्या वयाचा असला तरी तो बसल्याशिवाय बसायचं नाही.

“ते माझ्या आधीचं आहे,” फादर म्हणाले. “मला सांगितलं ते असं, की वेदीला वाळवी लागली होती. एका कुटुंबाने मार्बलची वेदी डोनेट केली. जुनी ठेवायला जागा नव्हती. तेव्हाच्या फादरांनी आणि समितीने मग एका जुन्या फर्निचरवाल्याला दिली.”

“दिली की विकली?” मी विचारलं.

“तेवढं मला माहीत नाही, मॅडम.”

मी आणखी पुष्कळ बोलले, ते इथे लिहीत नाही. खोट्या छतावर आणि प्लास्टिकच्या किरणांवरही बोलले. फादर ऐकून घेत होते. मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते किरण आवडत नसावेत. आत्या चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

“फादर, जाळली का नाही?”

त्यांना कळलं नाही. मला कळलं. आशीर्वाद दिलेली वस्तू जुनी झाली, मोडली, तर ती जाळायची नाहीतर मातीत पुरायची, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे. तुटलेली जपमाळही आमच्या घरी कचऱ्यात जात नाही, झाडाखाली पुरतात. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या वर्षभर घरात ठेवतात आणि मग जाळून त्यांचीच राख कपाळाला लावतात. ती वस्तू विकायची मात्र नाही. हे आत्याला फादरांनीच शिकवलं होतं, आधीच्या एका कुठल्यातरी फादरांनी.

“वाळवी लागली होती तर जाळायची,” ती हळू म्हणाली. “पुरली असती तरी मी काही बोलले नसते. मी तिथे जाऊन एक मेणबत्ती लावली असती.”

फादरांनी मान खाली घातली आणि केकची बशी आमच्याकडे थोडी सरकवली.

पवनानगर

मी आत्याला सांगितलं, आपण सकाळच्या गाडीने घरी जाऊ. ती म्हणाली, “मी वेदी बघायला आले आहे. देऊळ बघायला नाही.” तिच्यापुढे माझं कधीच काही चालत नाही.

जीप करून गेलो. लोणावळ्याची हॉटेलं मागे पडली, खिंड ओलांडली आणि एकदम मावळ लागला. भातं निघून गेलेली, खाचरांत नुसती धसकटं, मधूनच वालाचा हिरवा तुकडा. डोंगर सगळीकडून उभे. तुंग आणि तिकोना हे दोन किल्ले पाण्याच्या दोन बाजूंना, आणि मध्ये निळं, अजिबात न हलणारं धरण. इतकं सुंदर, की आपण कशासाठी चाललोय ते मी दोन मिनिटं विसरले. मग पाट्या सुरू झाल्या. ‘लेक टच’, ‘कपल फ्रेंडली’, ‘शुद्ध शाकाहारी बार्बेक्यू’. प्रत्येक खाचराच्या तोंडाशी एक पाटी, आणि खाचरात भाताऐवजी रंगीत तंबू.

आम्हाला हवा असलेला तंबूतळ जीपवाल्याला माहीत होता. “त्यो व्हय, देव्हाऱ्यावाला,” असं म्हणून त्याने थेट दारात उतरवलं. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये ती उभी होती.

मी आधी पाहिली, आत्याला दाखवण्याआधी. सगळ्यात खालची पायरी कापून टाकली होती. वरून चकचकीत पॉलिश चढवलेलं. वेदीच्या फळीवर बिसलेरीच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, तंबू ठोकायचे खिळे. मधोमध जी छोट्या दाराची पेटी, जिच्यात ख्रिस्तशरीर, म्हणजे आशीर्वादित भाकर, ठेवतात, जिच्यासमोर आम्ही गुडघा टेकल्याशिवाय पुढे जात नाही, तिचं दार काढून आत गाण्यांचा स्पीकर बसवलेला. तो वाजतही होता. आणि चारी बाजूंनी आजोबांची पानवेल, एकही पान न दुखावलेली, द्राक्षांनी लगडलेली. वाळवीचं एक भोक सापडतं का म्हणून मी वाकून वाकून शोधलं. नव्हतं. सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तंबूंचे मालक तानाजीभाऊ पुढे आले. पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला, हसरा माणूस. मी त्यांच्याशी भांडायच्या तयारीने गेले होते. पहिल्याच वाक्यात सांगितलं, की ही माझ्या आजोबांनी केलेली वेदी आहे आणि या म्हातारीचं लग्न हिच्यासमोर लागलंय. ते थक्क झाले. आधी स्पीकर बंद केला. मग पोरांना हाक मारून फळीवरच्या बाटल्या उतरवायला लावल्या, आणि आत्यासाठी खुर्ची आणली.

“मला काय ठाऊक मावशी,” ते म्हणाले. “पुन्याच्या जुन्या लाकडाच्या दुकानात व्हती, मला लय आवडली. चर्चाची हाय म्हनला, म्हून रोज सकाळी उदबत्ती लावतो. गल्ल्याला लावतो तशी हिलाबी. पाव्हनं काय काय इचारत्यात. ही पानं बगून म्हनत्यात, ही आदी पानाची टपरी व्हती का?”

मला हसू आलं आणि लगेच हसल्याचा राग आला.

आत्याने चपला काढल्या होत्या. ती वेदीच्या अगदी जवळ गेली, हातभर अंतरावर, आणि एका टोकापासून बघायला लागली. तिला एका वेळी एकच पान दिसत असेल, फार तर दोन. पान बघून झालं की डोकं किंचित सरकवायचं, पुढचं पान. अशी ती पूर्ण वेल बघत गेली. शेडमध्ये आलेली दोन तरुण मुलं काहीतरी मागायला थांबली होती, त्यांना तानाजीभाऊंनी हातानेच बाहेर काढलं. शेवटाला पोचल्यावर ती खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, “बाने काम चांगलं केलं होतं. वाईट केलं असतं तर कुणी विकत घेतली नसती, तिथेच राहिली असती.”

मी तानाजीभाऊंना म्हटलं, आम्हाला ती परत द्या, काय हवं ते घ्या.

“द्यायला माजी ना न्हाई, ताई,” ते म्हणाले. “पैशाचं बी सोडा. पन तुमी ठेवनार कुटं?”

लोणावळ्याच्या देवळाला ती नको आहे. आमच्या गावच्या देवळातही आता संगमरवर आहे. आणि आमचं घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली, आजोबांच्या पानवेलीच्या जागी गाड्या लागतात. फ्लॅटच्या छताला ही वेदी टेकेल, नव्हे, दारातूनच आत येणार नाही. तानाजीभाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांनी प्रश्न साधेपणाने विचारला होता, टोमणा मारला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

“आमचं देऊळ तर धरनात गेलं,” ते पाण्याकडे बोट करून म्हणाले. “समदं गावच गेलं. उनाळ्यात पानी आटलं की कळस वर येतो, तवा जातो आमी नारळ घिऊन. तुमचा देव निदान वर तरी हाय मावशी.”

“वर आहे, पण विकलेला आहे,” आत्या म्हणाली.

त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. इंद्रायणीचा मऊ भात आणि धरणातल्या चिलापीचं लालभडक कालवण. आम्ही समुद्राचे मासे खाणारी माणसं, गोड्या पाण्याच्या माशाला आमच्याकडे नाक मुरडतात, त्याला चिखलाचा वास येतो म्हणतात. याला नव्हता. तानाजीभाऊंच्या बायकोने आत्याच्या ताटातले काटे स्वतः काढून दिले. आत्याने भात दोनदा मागून घेतला. मला घास जात नव्हता आणि ती इतकी व्यवस्थित जेवतेय याचाही मला राग येत होता.

निघताना तिने वेदीसमोर गुडघा टेकायचा प्रयत्न केला नाही. नुसती उभी राहिली आणि मग तानाजीभाऊंना म्हणाली, “ती गाण्याची पेटी दुसरीकडे ठेवाल का?”

“ठेवतो की. तुमी सांगितलं न्हवं,” ते म्हणाले. त्यांनी ठेवली असेल असं मी धरून चालते.

घरी

वसईला पोचलो तेव्हा पप्पा जागे होते. उशांना टेकून बसवलेले, दाराकडे तोंड करून. दोन दिवस ते एकच विचारत होते म्हणे, आल्या का त्या दोघी. वाटेत मी आत्याला विचारलं होतं, पप्पांना काय सांगायचं? ती खिडकीबाहेर बघत राहिली, जे तिला दिसत नव्हतं त्याच्याकडे. आत्या आयुष्यात खोटं बोललेली मला माहीत नाही. आमच्या घरात तिच्या खरं बोलण्याने दोन सोयरिकी मोडलेल्या आहेत.

ती त्यांच्या कॉटवर बसली.

“बघितलीस?” पप्पांनी विचारलं.

“बघितली.”

“कशी आहे?”

“आहे तशी आहे,” आत्या म्हणाली. “वर पांढरं इस्त्रीचं कापड. दोन्हीकडे तीन-तीन मेणबत्त्या. शेवंतीची फुलं ठेवली होती. एक बाई आहे, ती रोज पानापानातली धूळ पुसते.”

“आणि फादर? पानांबद्दल काही बोलले?”

“हसले. म्हणाले, तुमच्या वडिलांची वेल बघायला लोक मुद्दाम येतात.”

पप्पा इतके खूश झाले की त्यांना खोकला आला. मग त्यांनी द्राक्षांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, परदेशी फादरांच्या ठसक्यासकट, आणि आत्याने ती पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकली. ते झोपल्यावर ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. मी भांडी घासत होते, म्हणजे आदळत होते.

“शनिवारी मला देवळात ने,” ती म्हणाली. “फादरांसमोर पापनिवेदन करायचं आहे. मी भावाशी खोटं बोलले.”

माझा इतका वेळ दाबलेला संताप बाहेर पडला. मी म्हटलं, “तू सांग तुझं पाप! आणि ज्यांनी वेदी विकली त्यांनी?”

“त्यांचं त्यांनी सांगायचं,” आत्या म्हणाली. मग दाराला धरून थोडी थांबली. “पण कुणाला सांगणार बाय? तिकडे ऐकायला बसलेले तेच.”